समुद्रकिनारी गळ टाकताना : आमिष आणि बांधणीची निवड

मलप्रभा, घटप्रभा किंवा मार्कंडेय नदीच्या काठी गळ टाकून ज्यांचा हात बसला आहे, अशी बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मंडळी चोर्ला घाट उतरून गोव्याकडे, आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याकडे किंवा खाली कारवारला जातात, तेव्हा बहुधा नदीवरचेच साहित्य बरोबर नेतात. रोहू-कटल्यासाठी मळलेला कणकेचा गोळा लाटांच्या पहिल्या दोन-तीन तडाख्यांतच गळावरून सुटतो, गांडूळ खाऱ्या पाण्यात लवकर मरून लिबलिबीत होते आणि बुचाचा तरंगा लाट पुन्हा पुन्हा किनाऱ्याला आणून टाकते. समुद्रावर आमिष तळाशी टिकले पाहिजे आणि ते तळाशी धरून ठेवणारे वजन हवे. म्हणून नवशिक्याने आधी आमिष ठरवावे, त्याच्या आकाराला साजेसा गळ घ्यावा आणि शिसे व बांधणी (म्हणजे दोरीला गळ आणि शिसे जोडण्याची रचना) शेवटी निवडावी. दुकानात मात्र सुरुवात बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या गळाने होते आणि तिथेच पुढचे सगळे गणित चुकते.

पहिले आमिष म्हणून कोळंबीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मुडदुशीपासून शिंगाळ्यापर्यंत किनाऱ्याजवळ फिरणारे बहुतेक मासे ती खातात. कोळंबीचे डोके काढावे, कापलेल्या बाजूने गळ आत घालून तिच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे शेपटीकडे सरकवावा आणि टोक बाहेर काढावे. टोक मांसात दडलेले राहिले तर मासा आमिष ओढतो, पण अडकत नाही. मुडदुशीचे तोंड लहान असते, त्यामुळे तिच्यासाठी सोललेल्या कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडाही मोठा ठरतो. त्याच्या निम्मा पुरे.

बेळगावहून किनारा गाठायला काही तास जातात, म्हणून आमिष कुठून घ्यायचे हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे किनाऱ्यावरच्या मासळी बाजारात सकाळी ताजी कोळंबी घेणे. ते जमणार नसेल, तर आदल्या रात्री सोललेल्या कोळंबीवर जाडे मीठ पसरून ती डब्यात ठेवावी, सकाळी सुटलेले पाणी ओतून टाकावे आणि डबा बर्फावर ठेवून न्यावा. मिठाने मांस घट्ट होते आणि गळ जोरात फेकताना ते फाटत नाही. बर्फाशिवाय डिकीत तापलेली, वास सुटलेली कोळंबी माशाला ओढून आणेल हा समज सोडून द्यावा. ती इतकी मऊ पडते की पाण्यावर आदळताच गळ रिकामा होतो.

पाच-दहा मिनिटांत गळ वारंवार स्वच्छ होऊन परत येत असेल, तर ते काम बहुधा खेकड्यांचे किंवा बारीक माशांचे असते. अशा वेळी माकूल (स्क्विड) वापरावे. त्याच्या पांढऱ्या मांसाची बोटाएवढी लांब, निमुळती पट्टी कापून ती गळात दोनदा ओवली, तर चिवटपणामुळे ती बराच वेळ टिकते. तारलीचा तेलकट वास पाण्यात लांबवर पसरतो, परंतु तिचे मांस फार मऊ असल्याने शिवणाच्या दुकानात मिळणारा बारीक इलॅस्टिकचा दोरा तिच्याभोवती गुंडाळावा लागतो. आमिष कोणतेही असो, दर १५ ते २० मिनिटांनी बदलावे, कारण तोवर त्यातला रस धुऊन गेलेला असतो.

गळाच्या क्रमांकांची पद्धत नवख्याला गोंधळात टाकते. १ ते ८ या साध्या क्रमांकांत आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. १/०, २/० अशा क्रमांकांत मात्र आकड्याबरोबर गळ मोठा होतो. मुडदुशीसाठी ६ किंवा ८ क्रमांकाचा लांब दांड्याचा गळ योग्य आहे, तर शिंगाळा किंवा ढोम्यासारख्या मोठ्या तोंडाच्या माशांसाठी १ ते २/० पर्यंतचा चालतो.

आता बांधणी, जिला दुकानात रिग म्हणतात. नवशिक्याला दोनच पुरेशा आहेत. पहिलीत शिसे अगदी खालच्या टोकाला बांधतात आणि त्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर, बाजूला निघालेल्या १५ ते २० सेंटिमीटरच्या आखूड तंगुसावर (नायलॉनच्या दोरीवर) गळ असतो. ही फेकताना कमी गुंतते, आमिष तळापासून किंचित वर राहते आणि माशाचा झटका काठीपर्यंत स्वच्छ पोचतो. तिच्यावर दोन गळ लावता येतात, पण सुरुवातीला एकच लावावा. दुसऱ्या बांधणीत शिसे मुख्य दोरीवर सरकते राहते, त्याच्याखाली मणी व फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) येते आणि फिरकीपुढे अर्ध्या मीटरच्या तंगुसावर गळ असतो. मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला शिशाचे ओझे लगेच जाणवत नाही, म्हणून सावध माशांसाठी ही चांगली. मात्र जोराच्या फेकीत ती अधिक गुंतते. लाटा जास्त असतील तर पहिली आणि खाडीच्या मुखाशी शांत पाणी असेल तर दुसरी वापरावी. घरीच चार-पाच बांधण्या करून पुठ्ठ्यावर गुंडाळून न्याव्यात. वाऱ्यात, ओल्या हातांनी गाठी मारणे कठीण जाते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस कमजोर होतो.

शिसे ६० ते १०० ग्रॅमचे घ्यावे. नदीवरचा गोल गोळा वाळूवरून घरंगळत किनाऱ्याला येतो, तर पिरॅमिडच्या आकाराचे शिसे वाळूत रुतून राहते. या वजनासाठी मुख्य दोरीपुढे जाड तंगूस जोडणे अत्यावश्यक आहे. १०० ग्रॅमचे शिसे फेकताना तो किमान १६ किलो ताकदीचा असावा आणि लांबी काठीच्या दुप्पट अधिक रिळावर चार-पाच वेढे इतकी ठेवावी. बारीक दोरी फेकीच्या मध्येच तुटली, तर सुटलेले शिसे किनाऱ्यावरच्या माणसाला गंभीर इजा करू शकते.

फार लांब फेकण्याची गरज नसते. ओहोटीला किनारा नीट पाहावा. किनारा आणि पहिला वाळूचा बांध यांमध्ये खोलगट पन्हळ दिसते. भरतीबरोबर मासे तिथेच चरायला येतात आणि पुष्कळदा ती ३०-४० मीटरवरच असते. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास उत्तम समजावेत. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा निघण्यापूर्वी तक्ता पाहूनच बेत ठरवावा. पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, किनाऱ्यावर गळ टाकायला जाऊच नये.

शिंगाळा लागला तर त्याला उघड्या हाताने धरू नये. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा विषारी असतो, म्हणून जाड फडक्याने धरून पकडीने गळ काढावा. काटा टोचलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते; त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.