मरीन ट्रान्सपोर्टेशनचं कॉलेज बघताय? आधी जहाजाचं विचारा

कॅम्पस, हॉस्टेल, युनिफॉर्मचे फोटो नंतर बघा, पहिला प्रश्न एकच, ट्रेनिंगला जहाज कोण देणार आणि कधी. मरीन ट्रान्सपोर्टेशन म्हणजे डेकची लाइन, म्हणजे जहाज चालवणाऱ्या ऑफिसरची, आणि नुसत्या डिग्रीवर कोणी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, वॉच (पहाऱ्याची ड्युटी) देत नाही, त्याला सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी, म्हणजे ऑफिसरचं लायसन्स लागतं आणि ते सी टाइमशिवाय, म्हणजे जहाजावर काढलेल्या दिवसांशिवाय मिळत नाही. एसटीसीडब्ल्यू १९७८, म्हणजे जहाजावरच्या लोकांच्या ट्रेनिंग आणि सर्टिफिकेटचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचा हिशोब असा, की मान्यताप्राप्त कोर्स असेल आणि ट्रेनिंग रेकॉर्ड बुक रीतसर भरलेलं असेल तर कमीत कमी १२ महिने समुद्रावर, नाहीतर ३६. काही देश याहून जास्तही मागतात. म्हणून ज्या देशाचं लायसन्स काढायचंय तिथल्या मेरीटाइम खात्याच्या यादीत कॉलेजचं आणि त्या नेमक्या कोर्सचं नाव स्वतः शोधा, माहितीपत्रकावर छापलंय म्हणून खरं धरू नका.

जहाजाबद्दल "आमचे खूप कंपन्यांशी टायअप आहेत" एवढ्यावर गप्प बसायचं नाही. मागच्या बॅचमधल्या किती जणांना कॅडेट (शिकाऊ ऑफिसर) म्हणून जहाजावर बर्थ, म्हणजे जागा मिळाली, पास झाल्यावर किती महिन्यांनी, ते लेखी मागा. डिग्री घेऊन जहाजाची वाट बघत घरी बसलेली पोरं बघितली की खरंच जीव तुटतो. जमलं तर जहाजावरून परत आलेल्या एखाद्या सिनियरला गाठा आणि त्याचं रेकॉर्ड बुक बघायला मागा. पायलट लॅडर (पायलटला जहाजावर चढायची दोराची शिडी) लावणं, सेक्स्टंटने (सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचं यंत्र) पोझिशन काढणं, अँकर वॉच (जहाज नांगरलेलं असतानाचा पहारा), प्रत्येक कामापुढे जहाजावरच्या ऑफिसरची सही आणि तारीख असते, ते बघितलं की काय शिकायचंय ते अर्ध्या तासात कळतं.

मग सिम्युलेटर, म्हणजे जहाजाच्या ब्रिजची नक्कल केलेली सरावाची खोली. आहे का हे विचारू नका, क्लास चालू असताना आत जाऊन बघा. एक जण रडारवर आणि बाकीचे पंधरा मागे उभे असतील तर काय उपयोग, प्रत्येकाला ब्रिजवर, ईसीडीआयएसवर (इलेक्ट्रॉनिक नकाशा), जीएमडीएसएसवर (संकटात मदत मागायची रेडिओ यंत्रणा) किती तास हात मारायला मिळतो ते विचारा.

कोणी जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून वेगळे पैसे मागितले तर तिथून उठा, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ते सीफेररकडून, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्याकडून घेता येत नाहीत.

आणि फी भरायच्या आधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून मेडिकल करून घ्या, रंग ओळखण्याच्या टेस्टसकट, कारण रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा कुठला न हिरवा कुठला हे डेक ऑफिसरला दिसावंच लागतं.