वेब.एक्सएमएलमधील पॅरामीटर वाचताना

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तेव्हा मी टिळकवाडीतील एका लहान कार्यालयात जावा शिकत शिकत काम करत होतो. निपाणीच्या एका व्यापाऱ्यासाठी आम्ही केलेल्या पावत्यांच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये शहराचे नाव सात-आठ सर्व्हलेटमध्ये (वेबवरून आलेल्या विनंतीला उत्तर देणारे जावाचे क्लास) थेट कोडमध्येच लिहिलेले होते. (घरी आम्ही आजही बेळगावच म्हणतो, पावतीला ते चालत नाही.) ते नाव वेब.एक्सएमएल या ॲप्लिकेशनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हलवण्याचे काम माझ्याकडे आले.

या फाइलमध्ये पॅरामीटर म्हणजे एक नाव आणि त्याची किंमत (व्हॅल्यू) अशी जोडी. ‘कॉन्टेक्स्ट-पॅराम’ संपूर्ण ॲप्लिकेशनसाठी असतो, तर ‘इनिट-पॅराम’ ज्या सर्व्हलेटच्या नोंदीत लिहिला असेल त्याच्यापुरताच. मी नाव पहिल्या प्रकारात लिहिले, सर्व्हलेटमध्ये ते वाचायला नुसती ‘गेटइनिटपॅरामीटर’ ही मेथड (ठरलेले काम करणारा कोडचा तुकडा) वापरली आणि पावतीवर गावाच्या जागी ‘नल’, म्हणजे ‘किंमतच नाही’, असे छापले गेले. चूक सापडायला अख्खी दुपार गेली, कारण या मेथडचे नाव दोन्हीकडे एकच आहे: सर्व्हलेटमधून थेट वापरली तर ती त्याच्या स्वतःच्या नोंदीत शोधते, आणि सर्वांसाठीची किंमत हवी असेल तर आधी ‘गेटसर्व्हलेटकॉन्टेक्स्ट’ने कॉन्टेक्स्ट (संपूर्ण ॲप्लिकेशनचा सामाईक ऑब्जेक्ट) मिळवून त्यावर ती वापरावी लागते. नाव सापडले नाही तरी ती तक्रार करत नाही, निमूटपणे नल परत करते. तेव्हा नलची तपासणी आपणच करावी.

मिळणारी किंमत नेहमी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते. एका पानावर २५ पावत्या दाखवायच्या असतील तर त्या ‘२५’चा आकडा आपल्यालाच करावा लागतो, आणि ते काम प्रत्येक विनंतीला न करता, सर्व्हलेट सुरू होताना चालणाऱ्या ‘इनिट’ या मेथडमध्ये एकदाच उरकावे. तिथे कंसात काही न घेणारी ‘इनिट’ लिहावी. सर्व्हलेटकॉन्फिग (त्या सर्व्हलेटच्या नोंदीची माहिती) घेणारी लिहिली आणि त्यात ‘सुपर.इनिट’, म्हणजे मूळ क्लासमधली इनिट चालवणे, विसरले, तर पुढे कॉन्टेक्स्टच हाती लागत नाही.

सर्व्हलेटच्या ३.० आवृत्तीपासून इनिट-पॅराम ॲनोटेशननेही (कोडमध्येच लिहायच्या खुणेने) देता येतो. मला ती सोय फारशी पटत नाही, कारण किंमत पुन्हा कोडमध्ये जाते आणि बदलासाठी कंपाइल करणे आलेच. पावतीवर कन्नड नावही हवे होते. ते याच फाइलमध्ये लिहून फाइल यूटीएफ-८ या, सर्व लिप्यांची अक्षरे सामावणाऱ्या पद्धतीत जतन केली.

वेब.एक्सएमएल बदलली की टॉमकॅट (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर), त्याची मूळ सेटिंग तशीच ठेवली असेल तर, ॲप्लिकेशन आपोआप पुन्हा चढवतो. त्यामुळे चालू कामात खंड पडू नये म्हणून, व्यापाऱ्याची पावत्या काढण्याची वेळ ओळखून आम्ही ती फाइल रात्री नऊनंतरच उघडू लागलो.