लाकडी फ्लोअरिंगसाठी कंत्राटदार कसा निवडावा

लाकडी फ्लोअरिंग बसवून देणारे शोधायला फार कष्ट पडत नाहीत. बसवण्याआधी ओलावा मोजणारा शोधायला मात्र जरा फिरावे लागते, आणि या लेखाचा सगळा खटाटोप त्याच माणसासाठी आहे.

झाडापासून वेगळे झाले तरी लाकूड हवेतला दमटपणा शोषते आणि सोडते. दमट हवेत फळी फुगते, कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल लांबीत नाममात्र असते, रुंदीत चांगलीच जाणवते. खालून ओल आली तर फळीचे पोट पाठीपेक्षा जास्त फुगते, दोन्ही कडा उचलल्या जातात आणि मध्ये पन्हळ पडते. फारच झाले तर फळ्या एकमेकींना रेटत जागेवरून उठतात. मग घरमालक लाकडाला नावे ठेवतो आणि कंत्राटदार हवेला. पुष्कळदा चूक पहिली फळी ठेवण्याआधीच झालेली असते.

पायरी १: आधी आपण काय बसवणार ते पक्के करा

अखंड लाकडाची फळी साधारण १८-१९ मिलिमीटर जाडीची असते आणि बहुधा प्लायवूडवर खिळ्यांनी ठोकली जाते. इंजिनिअर्ड फळीत खाली प्लायचे थर आणि वर खऱ्या लाकडाचा, साधारणपणे २ ते ६ मिलिमीटरचा थर असतो. ही थेट काँक्रीटवर चिकटवता येते. तळघरासारख्या जमिनीच्या पातळीखालच्या खोलीत अखंड लाकूड घालू नये. तिथे इंजिनिअर्डच बरे. लॅमिनेटच्या वरच्या थरात लाकूड नसतेच, लाकडाचे छापील चित्र असते.

या तिन्ही प्रकारांना सरसकट ‘वुडन’ म्हणून दर सांगणारा भेटला तर तिथेच थांबवून विचारा: वरचा थर किती मिलिमीटरचा आणि पुढे तो किती वेळा घासून पॉलिश करता येईल? प्रत्येक वेळी घासताना लाकूड थोडे जाते, त्यामुळे अगदी पातळ थराला पुन्हा घासायची सोयच उरत नाही.

पायरी २: नावे गोळा करा आणि जुने काम बघा

आर्किटेक्ट, लाकडाचे व्यापारी, ओळखीची घरे यांतून चार-पाच नावे मिळतात. ऑनलाइन शेरे वाचायला हरकत नाही, पण ते बहुतेक काम संपल्याच्या आनंदात लिहिलेले असतात आणि नवी लाकडी जमीन पहिल्या महिन्यात सुंदरच दिसते. म्हणून कंत्राटदाराला निदान सगळे ऋतू पाहिलेले, वर्षा-दोन वर्षांपूर्वीचे काम दाखवायला सांगा. तिथे गेल्यावर खोलीच्या मधोमध उभे राहू नका. दाराच्या चौकटीखालचा काप, खिडकीजवळ ऊन पडते ती जागा, स्वयंपाकघराकडची कड आणि दोन खोल्यांमधला सांधा बघा. मोजे घालून चाला; कुठे करकर होते, कुठे फळी दबते, हे पायाला कळते. त्या घरच्यांना विचारण्यासारखा प्रश्न एकच: तक्रार केली तेव्हा माणूस आला का?

पायरी ३: जागेवर बोलवा आणि तो काय मोजतो ते पाहा

फोनवर चौरस फूट ऐकून दर सांगणाऱ्याला यादीतून काढा. चांगला कंत्राटदार आल्यावर खोलीचे माप घेतोच, पण त्याच्या पिशवीतून ओलावा मोजायचे मीटर आणि लांब सरळ पट्टीही निघते. दर सांगण्याआधी तो प्रश्न विचारतो: काँक्रीट कधी घातले, खालून पाण्याची लाइन जाते का, घरात एसी किंवा हीटर किती वेळ चालतो, प्लास्टर-रंगकाम संपले का.

तुम्हालाही त्याला विचारायचे आहे. उत्तरे पारखता यावीत म्हणून काही आकडे जवळ ठेवा. खालचे प्लायवूड आणि वरची फळी यांच्या ओलाव्यात अरुंद, म्हणजे तीन इंचांपेक्षा कमी रुंदीच्या फळ्यांसाठी ४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. त्याहून रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांपेक्षा जास्त नको. काँक्रीटचे प्रकरण वेगळे. ते वरून कोरडे दिसते आणि आत ओले असते, म्हणून त्यात भोक पाडून आतली आर्द्रता मोजतात. नव्या काँक्रीटची ही चाचणी घ्यायलाही निदान महिनाभर थांबावे लागते आणि कोरडे व्हायला बऱ्याचदा त्याहून जास्त काळ जातो. ‘हात लावून कळते मला’ म्हणणारा अनुभवी असेलही, पण हाताला काँक्रीटच्या पोटातले कळत नाही.

सपाटीचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: तीन मीटर लांबीत सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चढ-उतार नको. खड्डे भरणे आणि उंचवटे घासणे हे कंटाळवाणे, धुळीचे काम असते आणि घाईत नेमके तेच वगळले जाते. नंतर पायाखाली पोकळ आवाज येतो तो त्यामुळे.

माल आणल्यावर तो घरात किती दिवस ठेवणार, हेही विचारा. ‘दोन दिवस’ किंवा ‘आठवडा’ अशा ठरीव उत्तरापेक्षा ‘मीटरवर आकडा जुळेपर्यंत’ हे उत्तर चांगले. तेही घरात नेहमीसारखे तापमान आणि हवा असताना. रंगकाम ओले असताना फळ्या आणून ठेवल्या तर त्या ती ओल पितात.

भिंतीपासून किती जागा सोडणार? अखंड लाकडासाठी ती साधारण फळीच्या जाडीइतकी असते आणि स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावतात त्या पट्टीखाली, झाकली जाते. ‘भिंतीला घट्ट बसवतो, फट दिसणार नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याचे आभार मानून त्याला निरोप द्या.

आणखी एक प्रश्न माझ्या आवडीचा आहे, कारण त्याचे उत्तर पाठ करून येत नाही: कडा उचललेली जमीन दुरुस्त कशी कराल? ‘घासून सपाट करू’ एवढेच उत्तर आले तर सावध व्हा. आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करायची आणि लाकूड सुकू द्यायचे असते. ओले असतानाच कडा घासल्या तर सुकल्यावर फळीचा मधला भाग वर राहतो आणि काम दुप्पट बिघडते.

पायरी ४: कोटेशन एकाच मापाने तोला

निदान तीन कोटेशन घ्या आणि ती लेखी घ्या. शेवटची रक्कम पाहण्याआधी काय लिहिलेले नाही ते पाहा. जुनी जमीन उखडणे, खालचे सपाट करणे, ओल अडवणारा थर, दारे खालून कापणे, स्कर्टिंग काढून परत लावणे, फर्निचर हलवणे, राडारोडा उचलणे यांतले जे कागदावर नसेल ते नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येते. सगळ्यात स्वस्त कोटेशन बहुतेक असेच स्वस्त झालेले असते. कापण्यात वाया जाणारा माल सरळ मांडणीत ५ ते १० टक्के धरतात, तिरप्या किंवा हेरिंगबोन (माशाच्या काट्यांसारख्या) मांडणीत त्याहून जास्त. कोणी काहीच धरले नसेल, तर मधेच माल संपेल आणि दुसऱ्या लॉटचा रंग जुळेलच असे नाही.

पायरी ५: हातोडी कोणाच्या हातात असणार?

गोड बोलून काम घेणारा एक आणि प्रत्यक्ष ठोकणारे दुसरेच, हे या धंद्यात नवे नाही. पोटकंत्राटदार असणे गैर नाही, पण जुने काम दाखवले ते याच माणसांनी केले होते का, आणि रोज जागेवर कोण हजर राहणार, हे नावानिशी ठरवा. तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे लागणारा परवाना आणि कामगारांचा विमा यांची कागदपत्रे डोळ्यांनी पाहा.

पायरी ६: करार लिहा आणि पैसे टप्प्यांनी द्या

करारात फळीचा ब्रँड, जात, जाडी, रुंदी, बसवण्याची पद्धत आणि फिनिशचे, म्हणजे वरून दिल्या जाणाऱ्या पॉलिश किंवा तेलाचे, नाव हवे. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला काम देऊ नका. माल आल्यावर, बसवून झाल्यावर आणि शेवटची पाहणी झाल्यावर असे टप्पे करा आणि शेवटचा हप्ता असा ठेवा, की तो घ्यायला कंत्राटदाराला परत यावेसे वाटेल. मालाची हमी कंपनीची आणि मजुरीची हमी कंत्राटदाराची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुरीची हमी किती वर्षांची आणि तिच्यात काय येते, ते शब्दांत लिहून घ्या. ओलाव्याच्या नोंदीही तारखेसह मागा. पुढे वाद झाला तर कंपनी बहुधा आधी त्याच मागते.

ओलावा जुळला नाही तर काम पुढे ढकलले जाईल, असे कलमही घाला. आणि तशी वेळ आली तर गृहप्रवेशाची तारीख पुढे करून कंत्राटदाराला घाई करू नका. योग्य माणूस निवडून त्याला चुकीचे काम करायला लावणारे घरमालकही असतात.

पायरी ७: काम सुरू असताना

पहिल्या दिवशी घरी राहा. एकच खोके संपवून दुसरे उघडण्याऐवजी चार-पाच खोक्यांतल्या फळ्या मिसळून मांडायला हव्यात, नाहीतर रंगाचे पट्टे उठून दिसतात. शेजारशेजारच्या रांगांमधले सांधे निदान १५ सेंटिमीटर मागेपुढे असावेत. गाठाळलेली किंवा तडकलेली फळी बसवण्याआधीच बाजूला काढायला सांगा. एकदा बसवली की ती पसंत पडली असे बऱ्याच कंपन्या मानतात. तेलाचे फिनिश असेल तर तेलात भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून, झाकणाच्या धातूच्या डब्यात बंद करायला सांगा.

शेवटची पाहणी दिवसाउजेडी, उभ्या उभ्या करा. टॉर्च तिरपा धरला तर कुठल्याही जमिनीत दोष सापडतो. पैसे चुकते करताना उरलेल्या फळ्यांचे एखादे खोके, त्याचा लॉट क्रमांक, फिनिशचे नाव आणि गालिचा कधी अंथरायचा ती तारीख मागून घ्या. फिनिश पूर्ण पक्के व्हायला काही आठवडे लागू शकतात आणि त्याआधी गालिचा टाकला तर त्याच्या आकाराचा डाग उमटण्याची शक्यता असते.