गणित स्पर्धेच्या तयारीतून मुलींचा आत्मविश्वास कसा वाढवावा

‘मला गणित जमत नाही’ म्हणणाऱ्या मुलीला ‘तू हुशार आहेस’ असं शंभरदा सांगून काही होत नाही. एखादं अवघड गणित तिने स्वतः सोडवलं, की सांगायची गरजच उरत नाही.

सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शालेय विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत दिवसाला तीनच प्रश्न असतात आणि त्यांना साडेचार तास मिळतात. गणितज्ञ मरियम मिर्झाखानी या फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च समजला जाणारा सन्मान, मिळवणाऱ्या पहिल्या महिला (२०१४). त्या स्वतःला संथ म्हणायच्या. मुलींना हे पहिल्याच दिवशी सांगा.

मग एकच प्रश्न द्या. कोणत्याही पाच पूर्ण संख्या घेतल्या, तर त्यांतल्या तीन अशा निघतातच, की त्यांची बेरीज ३ ने भागली जाते. का? ती ४, ७, ८, ११, १५ घेईल आणि ४ + ८ + १५ = २७ शोधेल. ‘पण नेहमीच असं का?’ इथे ती अडेल. आता तुम्ही गप्प राहायचं, आणि हेच सर्वांत कठीण आहे. वीस मिनिटांनी फक्त एवढंच म्हणा, ‘प्रत्येकीला ३ ने भागून बाकी लिही.’ बाकी येते १, १, २, २, ०. तिन्ही प्रकारच्या बाक्या असतील तर प्रत्येकातली एक घ्यायची, ० + १ + २ = ३. एखादा प्रकार नसेलच, तर पाच संख्या दोनच गटांत बसवाव्या लागतात, म्हणजे एका गटात किमान तीन येणारच. त्या तिघींची बाकी सारखी, म्हणून बेरीज ३ ने भागली जाते. ही शेवटची पायरी तिलाच सापडू द्या.

खोडरबर नको. ऑलिंपियाडमध्ये प्रत्येक प्रश्न ७ गुणांचा असतो आणि अर्धवट पण योग्य वाटेवरच्या कामालाही गुण मिळतात. पूर्ण उत्तर आलं नाही म्हणून कोरा कागद देण्याची सवय इथेच मोडते. वही तपासताना चुकीच्या आधी बरोबर ओळीवर खूण करा.

फळ्यावर तिला बोलू द्या. ती अडखळली तरी खडू हातातून घेऊ नका.

वर्गात ती एकटीच मुलगी नसावी, निदान तीन-चार जणी हव्यात. चीनमध्ये २००२ पासून आणि युरोपात २०१२ पासून खास मुलींचं ऑलिंपियाड भरतं. त्याचे जुने प्रश्न सरावाला उत्तम.

स्पर्धेहून परतल्यावर क्रमांक विचारू नका. ‘कुठला प्रश्न अजून डोक्यात घोळतोय?’ असं विचारा आणि तोच घेऊन तिच्याबरोबर बसा.