‘पीपी’ ही दोन अक्षरे: इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

इंग्लंडमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी टीचिंग असिस्टंट म्हणून रुजू झाले, त्या दिवशी माझ्या हाती वर्गाची यादी देण्यात आली. तीस नावांपैकी नऊ नावांपुढे ‘पीपी’ अशी दोन अक्षरे होती. वर्गशिक्षिकेने घाईत एवढेच सांगितले, की या मुलांकडे जरा जास्त लक्ष द्या. लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे उमजायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली आणि दरम्यान माझ्या हातून चुकाही झाल्या. महाराष्ट्रातून येथे आलेल्या आणि शाळेत काम शोधणाऱ्या अनेक जणी मला याबद्दल विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

‘पीपी’ म्हणजे प्यूपिल प्रीमियम. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांसाठी शाळेला नेहमीच्या निधीशिवाय मिळणारे हे जादा अनुदान इंग्लंडमध्ये एप्रिल २०११ मध्ये सुरू झाले. मोफत शालेय भोजनासाठी मूल गेल्या सहा वर्षांत कधीही पात्र म्हणून नोंदले गेले असेल, तर त्याच्या नावाचे अनुदान शाळेला मिळते. कार्यालयात याला ‘एव्हर सिक्स’ म्हणतात. २०२५-२६ साठी प्राथमिक शाळेत दर मुलामागे १,५१५ पौंड असा दर आहे. जी मुले आईवडिलांऐवजी कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, देखरेखीखाली वाढतात त्यांच्यासाठी तो २,६३० पौंड आहे आणि त्या पैशांचा कारभार कौन्सिलचा ‘व्हर्च्युअल स्कूल हेड’, म्हणजे अशा मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवणारा अधिकारी, पाहतो. सैन्यदलातील पालकांच्या मुलांसाठी ३५० पौंडांची वेगळी रक्कम असते, पण तिचा हेतू वेगळा असल्याने ती येथे बाजूला ठेवते.

१,५१५ पौंड हा आकडा प्रथम ऐकणाऱ्याला मोठा वाटतो. शाळेचे दिवस वर्षाला १९०, म्हणजे हिशेब केला तर एका मुलामागे दिवसाला साधारण आठ पौंड होतात. एवढ्या पैशांत एका मोठ्या माणसाचा पूर्ण तासही विकत मिळत नाही. म्हणून शाळा मुलांचे पैसे एकत्र करते आणि त्यातून माणसांचा वेळ विकत घेते. प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते नसते, शाळेने एकेका मुलावर तेवढेच पैसे खर्च करावेत असा नियमही नाही. उलट, यादीत नसलेल्या पण गरज असलेल्या मुलालाही या पैशांतून मदत करता येते. ‘माझ्या मुलाचे दीड हजार पौंड कुठे गेले?’ असे एखाद्या पालकाने फाटकापाशी विचारले, तर गोंधळून न जाता हे शांतपणे सांगता आले पाहिजे.

खर्चाचे तीन कप्पे शिक्षण खात्यानेच आखून दिले आहेत: वर्गातले शिकवणे सुधारणे, मागे पडलेल्या मुलांना नेमकी जादा मदत देणे, आणि हजेरी, वर्तन, नाश्ता यांसारख्या वर्गाबाहेरच्या अडचणी दूर करणे. यांपैकी पहिला कप्पा बाहेरून सर्वांत कमी दिसतो, कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा किंवा एकमेकांचे तास पाहण्याचा फोटो काढून कोणी लावत नाही. माझ्या मते मात्र सर्वाधिक फरक तिथेच पडतो, कारण मूल दिवसातले पाच तास वर्गात असते आणि माझ्यासारखीच्या हाती वीस मिनिटेच येतात. तिसऱ्या कप्प्यातल्या ब्रेकफास्ट क्लबला, म्हणजे शाळा भरण्याआधीच्या नाश्त्याच्या सोयीला, काही जण नाके मुरडतात. सोमवारी सकाळी उपाशीपोटी आलेले मूल फळ्याकडे नव्हे तर घड्याळाकडे पाहत बसते, हे ज्याने पाहिले आहे तो त्यावर वाद घालणार नाही.

नवख्या माणसाच्या वाट्याला बहुधा दुसरा कप्पा येतो. रिसेप्शनच्या वर्गात, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये, ‘नेली’ हा मुलांचे बोलणे आणि भाषा वाढवणारा वीस आठवड्यांचा कार्यक्रम अनेक शाळांत चालतो. त्यात आठवड्याला तीन गटतास आणि दोन छोटे वैयक्तिक तास घ्यायचे असतात. इयर वनमध्ये, म्हणजे त्यापुढच्या वर्गात, जूनच्या फोनिक्स चाचणीची, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द वाचता येतात का हे पाहणाऱ्या चाचणीची, तयारी असते. त्या चाचणीत चाळीस शब्द वाचायचे असतात आणि त्यांतले वीस मुद्दाम रचलेले निरर्थक शब्द असतात, ज्यांच्याशेजारी एका विचित्र प्राण्याचे चित्र छापलेले असते. माझ्या गटातली एक मुलगी ‘स्ट्रोम’ सारखा शब्द दरवेळी ‘स्टॉर्म’ असा वाचत असे. तिला वाचता येत नव्हते असे नाही. अक्षरांकडे न पाहता ती अर्थ शोधत होती. तीन आठवडे आम्ही फक्त बोट ठेवून एकेक ध्वनी म्हणण्याचा सराव केला. जादा अनुदानाचा उपयोग प्रत्यक्षात असा दिसतो: एक बोट, एक कार्ड, आणि कंटाळा न करता शेजारी बसलेले कोणीतरी.

आता चुकांकडे वळते. इयर टूमधल्या एका मुलाला मी रोज वीस मिनिटे वाचनासाठी बाहेरच्या व्हरांड्यातल्या टेबलावर नेत असे. वेळ ठरवताना मला जागा कधी मोकळी असते एवढेच मी पाहिले होते. एके दिवशी वर्गात परतल्यावर तो खिडकीपाशी गेला. तिथे ओल्या कापसात बिया रुजत घातलेले कागदी पेले नावांसह ओळीने मांडलेले होते. त्याने ओळ दोनदा तपासली आणि माझा कुठे आहे, असे मला विचारले. त्याचा पेला नव्हताच, कारण पेले केले त्या तासाला तो माझ्यापाशी बसला होता. वाचनात तो पुढे सरकला हे खरे, पण त्या सत्रातले जवळजवळ सगळे विज्ञान त्याच्या हातून निसटले आणि ते निसटवणारी मी होते. टीचिंग असिस्टंटची मदत शिक्षकाच्या शिकवण्याच्या जोडीला असावी, त्याऐवजी नसावी, असे एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन ही संशोधन संस्था सातत्याने सांगत आली आहे. मला ते त्या पेल्यांच्या ओळीपाशी समजले. तेव्हापासून कोणताही गट हाती घेताना, ही मुले कोणत्या तासाला मुकणार आहेत, हा प्रश्न मी आधी विचारते आणि शक्य असेल तेव्हा वेळ आलटूनपालटून ठेवते.

दुसरी चूक लहान, पण अधिक लाजिरवाणी होती. सहलीच्या खर्चात सवलत मिळणाऱ्या मुलांची यादी मी टेबलावर उघडी ठेवली, आणि एका मुलाने ती मोठ्याने वाचली. तो कागद नेहमी पालथा किंवा कपाटात असावा, एवढेच सांगते.

मोफत शालेय भोजनाच्या अर्जाबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण पैसा शाळेत येतो की नाही हे तिथेच ठरते. सप्टेंबर २०१४ पासून रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या तिन्ही वर्गांतल्या सर्वच मुलांना सरकारी शाळेत दुपारचे जेवण मोफत मिळते. साहजिकच, जेवण मिळतेच आहे तर अर्ज कशाला, असे पालकांना वाटते. अर्ज न केल्याने मुलाच्या ताटात काही फरक पडत नाही, पण त्याच्या नावाचे अनुदान शाळेला मिळत नाही. आपल्या लोकांत याला संकोचाचीही जोड असते. एका मराठी आईने मला स्पष्ट सांगितले, ‘ताई, आम्ही कुणापुढे हात पसरत नाही.’ हे पैसे तुमच्या घरी नव्हे, शाळेला मिळतात, आणि वर्गात कोणालाही ते कळत नाही, हे तिच्या गळी उतरवायला मला दोन वेळा चहा प्यावा लागला. तिसऱ्या दिवशी तिने अर्ज भरला. आपल्या भाषेत दोन शब्द बोलू शकणारी व्यक्ती शाळेत असण्याचा हा फायदा मुलाखतीत आवर्जून सांगावा, असे मला वाटते.

मुलाखतीआधी आणखी एक काम करावे. प्रत्येक शाळेला या पैशांच्या वापराचा आराखडा दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा लागतो. तो वाचावा, पण चकचकीत वाक्यांसाठी नव्हे. त्यात मुलांच्या अडचणी कोणत्या लिहिल्या आहेत, खर्च त्या अडचणींशी जुळतो का, आणि गेल्या वर्षी काय जमले नाही याची प्रांजळ कबुली आहे का, एवढे पाहावे. जिथे सर्व काही यशस्वीच झाले असे लिहिलेले असते, तिथे मी थोडी सावध होते.

सप्टेंबरमध्ये रुजू झालात, तर पहिल्या चार आठवड्यांतच कार्यालयातल्या बाईंशी ओळख करून घ्या. अनुदानासाठीची मोजदाद ऑक्टोबरच्या पटनोंदणीवरून होते आणि ती साधारणपणे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असते. त्याआधीच्या सोमवारी आमच्या कार्यालयात अर्धवट भरलेल्या अर्जांचा गठ्ठा असतो, आणि राष्ट्रीय विम्याचा क्रमांक लिहायचे राहून गेलेले दोन-तीन अर्ज तरी त्यात हमखास सापडतात.