फिशटँकमधलं शेवाळ: घासण्याआधी लाइटचे तास मोजा

शेवाळ आलं की दुकानात दोन गोष्टी हमखास गळ्यात मारतात: औषधाची बाटली आणि सकर फिश. दोन्ही घेऊ नका. सकर दुकानात बोटाएवढा दिसतो, पण वाढून फूटभर होतो, आणि शेवाळ खातो त्यापेक्षा घाण जास्त करतो. सांगलीत माझ्या हॉलमध्ये दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक आहे. काठोकाठ 56 लिटर, वाळू-दगड वजा जाता 45. त्यात तो वळणार तरी कसा?

आधी हाताने निघेल तेवढं काढा. काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, केसांसारखं लांब शेवाळ टूथब्रशभोवती गुंडाळून ओढा, माखलेली पानं देठापासून कापा. एक तृतीयांश पाणी बदला. झालं.

त्याच दिवशी फिल्टर मात्र धुऊ नका. एका रविवारी उत्साहाच्या भरात मी सगळंच धुतलं, स्पंजही नळाखाली धरला. क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मेले, पाण्यात अमोनिया वाढला आणि बुधवारपर्यंत चार गप्पी उलटे तरंगत होते. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळायचा, तोही वेगळ्या आठवड्यात.

आता खरं दुखणं: लाइट. इथे मी वर्षभर मार खाल्ला. झाडं आहेत म्हणजे उजेड भरपूर हवा, हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून रोज अकरा तास लाइट. पण झाडांना उजेडाबरोबर खत आणि कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि त्याचा सिलिंडर न लावलेल्या घरगुती टँकमध्ये तो थोडाच असतो. तो संपला की झाडं हात टेकतात आणि उरलेला उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो. म्हणून सुरुवात रोजच्या सहा तासांपासून करा. मी संध्याकाळी पाच ते अकरा ठेवतो. दिवसा माशांना हॉलमधला उजेड पुरतो. पश्चिमेच्या खिडकीतून काचेवर ऊन येत असेल तर आधी टँक हलवा. ते ऊन तुमच्या सहा तासांत धरलेलं नसतं.

हे सगळं टायमरवर टाका. मी स्वस्तातला, चकती फिरणारा टायमर आणला, तरी शेवाळ हटेना. कुणीतरी खत बंद करायला सांगितलं, तेही केलं. पानं पिवळी पडली, शेवाळ जसंच्या तसं. मग एकदा रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो, तर टँक लख्ख! चकतीचा टायमर विजेवरच फिरतो. लाइट गेली की तोही थांबतो. उन्हाळ्यातल्या लाइट जाण्याने तो तीन तास मागे पडला होता. पाचला टँक अंधारात दिसला की आई प्लग शेजारच्या सॉकेटमध्ये घालायची, “पाहुण्यांना मासे दिसायला नकोत का?” म्हणून, आणि झोपताना परत टायमरमध्ये. सहाचे नऊ तास होत होते आणि मी खताला शिव्या घालत होतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही.

तास ठरले की पंधरा दिवस दुसरं काहीही बदलू नका. फरक जुन्या पानांवर शोधू नका, सगळ्यात वरचं नवं पान बघा. ते स्वच्छ उमललं, तर वाटल्यास अर्धा तास वाढवा. त्यावर हिरवी लव धरली तर एक तास कमी करा. खत चालू ठेवा. उपाशी झाड शेवाळाशी काय झुंजणार? हायड्रिला, हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी झाडं भरपूर लावा. पण कृष्णेच्या घाटावरून उपटून आणू नका, सोबत गोगलगायी आणि चतुराची पिल्लं येतात, आणि ती पिल्लं गप्पीची पिल्लं खातात.

दगडावर, पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखे झुपके असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवरची टक्केवारी वाचा; मेडिकलमध्ये बऱ्याचदा 6 टक्क्यांचं मिळतं. 3 टक्क्यांचं असेल तर माझ्या 45 लिटरला जास्तीत जास्त 15 मिली, 6 टक्क्यांचं असेल तर त्याच्या निम्मं. फिल्टर बंद करून, सुई काढलेल्या सिरिंजने थेट झुपक्यावर सोडा. दहा मिनिटांनी फिल्टर चालू, मग थोडं पाणी बदला. काही दिवसांत झुपके गुलाबी-पांढरे पडतात. मॉस आणि व्हॅलिसनेरिया या झाडांपासून पेरॉक्साइड लांब ठेवा, ती करपतात.

निळसर हिरवी, बुळबुळीत, वास मारणारी साय असेल तर ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. साय नळीने ओढून काढा, पाणी बदला, टँकवर तीन दिवस जाड चादर टाका. हवेचा पंप चालू, खाणं बंद. आणि चादर उचलून कुणाला मासे दाखवायचे नाहीत, हे घरात आधीच सांगून ठेवा.