गट सुटला तरी श्रद्धा जपायची असेल तर

नियंत्रण गाजवणारा धार्मिक गट सोडल्यानंतर पहिले काही महिने एकच प्रश्न छळत राहतो: गटाबरोबर देवही सुटला का? मीही त्यातून गेले आहे, म्हणून सांगते की या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची घाई करू नये. जिथे प्रार्थनेची हजेरी घेतली जात होती, तिथून बाहेर पडलेला माणूस पहाटे ठरलेल्या वेळी दचकून जागा होतो आणि 'आज चुकली' या विचाराने त्याची छाती धडधडू लागते. ही धडधड श्रद्धेची नसून भीतीची असते. ती ओसरेपर्यंत प्रार्थना थांबली, तरी काही बिघडत नाही.

त्यानंतर भीती आणि श्रद्धा वेगळी करायला बसावे. एका वहीत आपले नेम एकेक करून लिहावेत आणि प्रत्येकापुढे, 'हे केले नाही तर काय होईल असे मला वाटते?' याचे खरे उत्तर लिहावे. 'शिक्षा होईल', 'घरात कुणीतरी आजारी पडेल' असे उत्तर आले, तर तो नेम तूर्त बाजूला ठेवावा. 'कुणाशी तरी बोलायचे राहून गेल्यासारखे वाटेल' असे आले, तर तो आपला आहे. ही वही मात्र कुणालाही दाखवू नये, कारण ज्याच्याकडून वर्षानुवर्षे कबुलीजबाब लिहून घेतले गेले आहेत, त्याचा हात नकळत दुसऱ्याला पटेल असेच लिहीत जातो.

सर्वांत जास्त वेळ लागतो तो शब्दांना. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी 1961 साली विचारनियंत्रणाची आठ लक्षणे मांडली. त्यांत कबुलीच्या आग्रहाबरोबरच ठरावीक, भारलेल्या भाषेचाही समावेश आहे. 'समर्पण' म्हणजे प्रमुखांची आज्ञा आणि 'अहंकार' म्हणजे आपली शंका, असे समीकरण मनात पक्के झाले असेल, तर ते शब्द कानावर पडताच पोटात गोळा येणारच. असे शब्द खुशाल सोडून द्यावेत आणि घरात बोलतो त्या भाषेत देवाशी बोलावे. मी कित्येक महिने रात्री दिवा मालवताना 'आज फार दमले रे' एवढेच म्हणत होते, आणि ती पूर्ण प्रार्थना होती असे मी आजही मानते.

धर्मग्रंथ वाचायचा असेल तर गटात वापरलेली प्रत घेऊ नये, शक्यतो वेगळा अनुवाद घ्यावा. माझ्या जुन्या प्रतीत आज्ञापालनाच्या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली होती आणि तिच्या लगेच पुढची, करुणेबद्दलची ओळ कोरी होती. नवी प्रत हाती येईपर्यंत ती मला कधी दिसलीच नव्हती.

नवीन समुदायात जाण्यापूर्वी तिथे प्रश्न विचारता येतात का, पैशांचा हिशेब मिळतो का आणि सोडून गेलेल्यांशी लोक बोलतात का, एवढे पाहावे. जायलाच हवे असे नाही. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अठराव्या कलमात धर्म बदलण्याचा आणि तो एकट्याने किंवा इतरांसोबत आचरण्याचा हक्क मान्य केलेला आहे.

झोप उडाली असेल किंवा भीतीचे झटके येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे आणि 'मला श्रद्धा सोडायची नाही, भीती सोडायची आहे' असे पहिल्याच भेटीत सांगावे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1994 च्या वर्गीकरणात धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्येची नोंद मानसिक आजारांपासून वेगळी केली आहे, त्यामुळे हे बोलताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

सुधारणा मोजायची झाल्यास चुकलेल्या दिवसांकडे पाहावे. एके दिवशी माझी प्रार्थना राहिली आणि ते माझ्या लक्षात आले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. छाती धडधडली नाही. थोडी चुटपुट लागली, आणि मी होते तिथेच बसून दोन शब्द बोलले.